कॅथलिक लोक हाडांची पूजा करतात का?

'कॅथलिक लोक संतांच्या हाडांनाच देव मानतात' हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. तसं नाही. आराधना फक्त देवाची, संतांच्या अवशेषांना मान, असं चर्चची शिकवण स्पष्ट सांगते. हा अवशेष बऱ्याचदा काचेआडचा हाडाचा कण किंवा कपड्याचा चिमुकला तुकडा असतो. पुण्यात मराठी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य सामूहिक उपासना, होते अशा चर्चमध्ये प्रार्थना नीट ऐका. देवाला म्हणतात, 'आम्हांवर दया कर'. संताला, 'आम्हांसाठी विनंती कर'. फरक या शब्दांतच आहे. पालखीत माउलींच्या पादुकांवर डोकं टेकवणाऱ्याच्या मनात चांदी नसते, माउली असते. हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. आणि १९८३ च्या चर्च कायद्याचं ११९० वं कलम वाचा: अवशेष विकायला सक्त मनाई आहे.