अकरा महिन्यांचा करार म्हणजे नोंदणी नको?

सांगलीत विश्रामबागेत वडिलांचं घर पहिल्यांदाच भाड्यानं देणाऱ्याला हमखास एक सल्ला मिळतो: "अकरा महिन्यांचा करार करा, नोटरीचा शिक्का मारा, झालं." हे चूक आहे, आणि यात नुकसान घरमालकाचंच होतं.

हा समज आला १९०८ च्या नोंदणी कायद्यातून. त्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे; म्हणून अकरा महिन्यांची पळवाट रूढ झाली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, मुदत कितीही असो. जबाबदारी घरमालकाची. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

खरा फटका मात्र वेगळाच. लेखी नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचंच म्हणणं ग्राह्य धरलं जातं. अनामत किती, भाडं किती, सगळंच! लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती घर वापरायची परवानगी देणारा) करार मात्र नीट असेल, तर मुदतीनंतर घर न सोडणाऱ्याविरुद्ध याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकरणाकडे (अशा दाव्यांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) जाता येतं आणि दुप्पट भाड्याच्या दरानं भरपाईही मागता येते.

खर्चाची भीती नको. नोंदणी शुल्क शहरात हजार रुपये, ग्रामीण भागात पाचशे. मुद्रांक शुल्क वेगळं, तेही थोडंच. आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या ऑनलाइन नोंदणी होते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणं, हे काम वेगळं. तेही त्याच आठवड्यात उरका.