गृह-साहाय्य पुरवठादारांच्या जबाबदाऱ्या (ऑस्ट्रेलिया)

वृद्धांना त्यांच्या राहत्या घरी मदत पुरवण्यासाठी ऑस्ट्रेलियाचे केंद्र सरकार ज्या संस्थांना पैसे देते, त्या संस्थांवर कायद्याने, अनुदानाच्या कराराने आणि आचारसंहितेने आलेली कर्तव्ये. या संस्थांत धर्मादाय संस्था, चर्चशी संलग्न सेवासंस्था, नगर परिषदा, आदिवासी समाजांनी चालवलेल्या संस्था आणि नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्या अशा सगळ्यांचा समावेश होतो. मदतीचे प्रकारही तितकेच वेगवेगळे आहेत: केरवारा, आंघोळ, डबा, दवाखान्यात ने-आण, जखमेची मलमपट्टी, बागेतले गवत कापणे, न्हाणीघरात धरायला दांडा बसवणे, घरातल्या काळजी घेणाऱ्या माणसाला थोडी उसंत मिळवून देणे. साधारणपणे ६५ वर्षांवरील व्यक्ती आणि आदिवासी किंवा टोरेस सामुद्रधुनी बेटांवरील समाजांतील ५० वर्षांवरील व्यक्ती या मदतीला पात्र ठरतात.

या व्यवस्थेचे जुने रूप म्हणजे १९५० च्या दशकात मेलबर्नच्या दक्षिण भागात स्वयंसेवकांनी सुरू केलेली घरपोच जेवणाची सेवा. सरकारी चौकट १९८५ च्या ‘होम अँड कम्युनिटी केअर’ कायद्याने आली. १ जुलै २०१५ रोजी त्या योजनेसह आणखी काही योजना एकत्र करून ‘कॉमनवेल्थ होम सपोर्ट प्रोग्रॅम’ सुरू झाला. थोडक्या मदतीची गरज असलेल्यांसाठी तो आहे आणि त्याचा लाभ घेणाऱ्यांची संख्या ८ लाखांच्या आसपास आहे. ज्यांची गरज मोठी, त्यांच्यासाठी ‘होम केअर पॅकेज’ ही वेगळी योजना होती. पॅकेजवाल्या संस्था १९९७ च्या वृद्धसेवा कायद्याखाली येत. होम सपोर्टवाल्या संस्थांची कर्तव्ये मात्र मुख्यतः अनुदानाचा करार आणि कार्यक्रमाची नियमपुस्तिका यांत असत. एकाच गल्लीतल्या दोन घरांत तेच काम दोन वेगळ्या नियमांनी चाले.

या साऱ्या नियमांच्या मुळाशी एक साधी अडचण आहे. वृद्धाश्रमात रात्रंदिवस कोणी ना कोणी असते, आणि तपासणी अधिकारी दार ठोठावून आत जाऊ शकतो. घरपोच सेवेत बाई किंवा बुवा आठवड्यातून दोन तास येतात आणि निघून जातात. त्या दोन तासांत काय घडले हे दोघांनाच ठाऊक. उरलेल्या वेळात काय घडते, ते बहुधा कोणालाच ठाऊक नसते. शिवाय घर वृद्धाचे असते आणि पुरवठादार तिथे पाहुणा असतो. म्हणून पाहुण्याने कुठवर लक्ष घालायचे, हा प्रश्न बहुतेक कलमांच्या आड उभा दिसतो.

बंद दाराचा नियम याचे चांगले उदाहरण आहे. ठरल्या वेळी कर्मचारी आली, घंटी वाजवली, आतून उत्तर नाही. आजी शेजारी गेल्या असतील, झोपल्या असतील, किंवा न्हाणीघरात पडलेल्या असतील. ‘घरी कोणी नव्हते’ अशी नोंद करून पुढच्या घरी जाणे नियमात बसत नाही. असे घडल्यास काय करायचे याची लेखी पद्धत प्रत्येक पुरवठादाराकडे असावी लागते, आणि सेवा सुरू होतानाच त्या व्यक्तीशी बोलून ती ठरवावी लागते: आधी फोन कोणाला, किल्ली कोणाकडे, किती वेळ वाट पाहायची, पोलिसांना केव्हा बोलवायचे. काहींना दार फोडलेले चालते. काही जण बजावून ठेवतात की मुलाला विचारल्याशिवाय कोणी आत येऊ नये. तेही लिहून घेतले जाते. बाकीच्या कागदपत्रांपैकी पुष्कळसा भाग तपासणीपुरता भरला जातो, असे म्हणायला जागा आहे. या एका कागदावर मात्र कोणाचा तरी जीव अवलंबून असू शकतो.

दुसरे कर्तव्य पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटे वाटते: सगळे करून देऊ नये. होम सपोर्टच्या नियमपुस्तिकेचा आग्रह आहे की माणसाला अजून जे जमते ते त्याच्याकडूनच होऊ द्यावे आणि जे सुटत चालले आहे ते परत जमवून द्यावे. ओल्या कपड्यांची टोपली उचलवत नाही म्हणून धुण्याचे सगळे काम काढून घेण्याऐवजी चाकांची गाडी द्यावी, परसातली तार खाली घ्यावी आणि कपडे वाळत घालायला आजींना सोबत करावी. आजोबा खुर्चीत बसून बटाटे सोलत असतील, तर कर्मचाऱ्याने हात आवरावा आणि शेगडीजवळचे काम तेवढे करावे. तत्त्व म्हणून हे बिनतोड आहे. प्रत्यक्षात कर्मचाऱ्याला तासाचे गणित सांभाळायचे असते, आणि आजोबांना बटाटे सोलायला जितका वेळ लागतो तितक्यात तिचे स्वयंपाकघर आवरून झालेले असते. याच विचाराच्या जवळ जोखीम पत्करण्याचा हक्क येतो. जिना धोक्याचा आहे हे सांगणे पुरवठादाराचे काम, पण समजून-उमजून वरच्याच खोलीत झोपायचे कोणी ठरवले तर त्यातून होईल तितकी सुरक्षित वाट काढून द्यायची असते.

‘रॉयल कमिशन’ने, म्हणजे सरकारने नेमलेल्या उच्चस्तरीय चौकशी मंडळाने, या क्षेत्राची झाडाझडती घेतली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ते नेमले गेले, मार्च २०२१ मध्ये अंतिम अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्यात १४८ शिफारशी होत्या. दरम्यान १ जानेवारी २०१९ पासून दर्जा आणि सुरक्षितता पाहणारा स्वतंत्र आयोग कामाला लागला होता. १ डिसेंबर २०२२ पासून कर्मचाऱ्यांनाही लागू होणारी आचारसंहिता आली, आणि त्याच दिवशी गंभीर घटना कळवण्याची सक्ती घरपोच सेवांवरही आली. अवाजवी बळ, लैंगिक गैरवर्तन, हेळसांड, मानसिक छळ, अनपेक्षित मृत्यू, कर्मचाऱ्याने केलेली चोरी किंवा पैशांसाठी टाकलेला दबाव अशा घटना त्यात मोडतात. इजा झाली असेल किंवा पोलिसांकडे जाण्यासारखे काही असेल तर २४ तासांत, एरवी ३० दिवसांत आयोगाला कळवावे लागते.

इथे एक मेख आहे. घटना सेवा देण्याच्या कामाशी निगडित असेल तरच ती या सक्तीत बसते. मुलगाच आईचे पेन्शन काढून घेतो आहे असे कर्मचाऱ्याच्या लक्षात आले, तर ती या यादीतली घटना ठरत नाही. म्हणून पुरवठादाराने डोळेझाक करावी असेही नाही. त्या बाईंशी एकांतात बोलणे, वृद्धांची बाजू मांडणाऱ्या सरकारी खर्चाच्या मोफत सेवेशी गाठ घालून देणे, गरज पडल्यास पोलिसांकडे जाणे या गोष्टी काळजी घेण्याच्या सर्वसाधारण कर्तव्यात येतात. ज्या बाईंना मुलाविरुद्ध एक शब्द बोलायचा नाही, त्यांच्या बाबतीत हे कर्तव्य फारच नाजूक होऊन बसते.

पैशांच्या बाबतीत जुना अनुभव कडू आहे. पॅकेज योजनेत एकेका व्यक्तीच्या नावे आलेल्या, पण न खर्चलेल्या रकमा पुरवठादारांकडे साचत राहिल्या. २०२१ मध्ये सेवा दिल्यानंतरच पैसे देण्याची पद्धत आणून सरकारने ते थांबवले. व्यवस्थापनाच्या नावाखाली आकारल्या जाणाऱ्या रकमेवर १ जानेवारी २०२३ पासून मर्यादा आली आणि सेवा सोडून जाताना घेतले जाणारे शुल्क बंद झाले. होम सपोर्टमध्ये पुरवठादाराने सेवा घेणाऱ्यांकडून घ्यायच्या वर्गणीचे आपले धोरण उघडपणे सांगायचे असते, आणि ऐपत नाही एवढ्याच कारणाने कोणाला परत पाठवायचे नसते.

१ नोव्हेंबर २०२५ रोजी २०२४ चा नवा वृद्धसेवा कायदा लागू झाला आणि दोन्ही प्रकारच्या पुरवठादारांना एकाच नोंदणीखाली आणले गेले. नोंदणीचे सहा वर्ग आहेत. घरकाम, जेवण, वाहतूक अशा सेवांवरचा भार हलका. आंघोळीसारखी वैयक्तिक काळजी आणि परिचर्या यांना दर्जाचे निकष व त्यांची तपासणी लागू. कायद्यात हक्कांचे निवेदन आहे आणि पुरवठादाराचे वागणे त्याच्याशी सुसंगत हवे. मात्र हे हक्क थेट न्यायालयात जाऊन बजावून घेता येत नाहीत, दाद आयोगाकडेच मागावी लागते. टीकाकारांचा मुख्य आक्षेप त्यावरच आहे. त्याच दिवशी पॅकेज योजनेची जागा आठ श्रेणींच्या ‘सपोर्ट ॲट होम’ने घेतली. तिच्यात पुरवठादाराने महिन्याला हिशेबाचे पत्रक द्यायचे असते आणि दरमहा किमान एकदा थेट विचारपूस करायची असते.

काम दुसऱ्या एजन्सीकडून करून घेतले तरी जबाबदारी मूळ संस्थेचीच राहते. मजूर एजन्सीचा होता, ही सबब चालत नाही. भाषेचेही तसेच आहे. स्मृतिभ्रंशात पुष्कळ स्थलांतरितांची इंग्रजी आधी गळते आणि लहानपणीची इटालियन किंवा ग्रीक उरते. अशा वेळी सरकारी खर्चाने दुभाषी मिळतो. मुलीला दुभाषी बनवून आईच्या लघवीच्या तक्रारींविषयी विचारणे सोयीचे असले, तरी दोघींनाही संकोचात टाकणारे असते.

संस्थेने काम सोडायचे ठरवले तर पुरेशी आधी सूचना देऊन माणसाला दुसरीकडे सोपवावे लागते. व्हिक्टोरिया राज्यात हा प्रश्न अलीकडे फार पुढे आला आहे, कारण तिथे पिढ्यान्‌पिढ्या ही सेवा चालवणाऱ्या नगर परिषदा एकेक करून तिच्यातून बाहेर पडत आहेत. होम सपोर्ट कार्यक्रमही पुढे ‘सपोर्ट ॲट होम’मध्ये विलीन व्हायचा आहे; सरकारने जाहीर केल्याप्रमाणे ते १ जुलै २०२७ च्या आधी होणार नाही.