विलाप आणि कुरकुर : दुःखातले दोन वेगळे उद्गार

जिवलग माणूस गेल्यावर, किंवा वर्षानुवर्षे प्रार्थना करूनही आजार हटत नाही तेव्हा, "देवा, तू हे का होऊ दिलेस?" असा प्रश्न ओठांवर आला की पुष्कळ ख्रिस्ती माणसांना लगेच अपराधी वाटू लागते. अरण्यात कुरकुर करणाऱ्या इस्राएल लोकांवर देवाचा कोप झाला हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेले असते, आणि आता आपणही त्यांच्यातच जमा झालो अशी धास्ती त्यांच्या मनात बसते. माझ्या मते ही धास्ती बहुतेक वेळा अनाठायी असते. विलाप आणि कुरकुर या दोन्ही दुःखातूनच उठतात आणि दोन्हींत तक्रार असते, म्हणून त्या एकच वाटतात. पवित्र शास्त्र मात्र एकीविषयी ताकीद देते आणि दुसरी प्रार्थना म्हणून शिकवते.

पवित्र शास्त्रातल्या गणना या पुस्तकाच्या ११व्या अध्यायात दोन्ही शेजारीशेजारी आढळतात. मिसर देशातून सुटून अरण्यात आलेले आणि देवाने दिलेले रोजचे अन्न, म्हणजे मान्ना, खाऊन कंटाळलेले लोक आपापल्या तंबूच्या दाराशी बसून रडतात, आणि त्यांच्यावर देवाचा कोप भडकतो. त्याच अध्यायात त्यांचा पुढारी मोशेही तक्रार करतो, आणि त्याचे शब्द लोकांच्या शब्दांपेक्षा कितीतरी कडक आहेत. या सगळ्या लोकांना मी जन्म दिला आहे काय, हा भार मला एकट्याला पेलवत नाही, आणि तू माझ्याशी असेच वागणार असशील तर मला मारूनच टाक, असे तो देवाला म्हणतो. यावर मोशेला शिक्षा होत नाही. ७० वडीलजन निवडून त्यांच्यासोबत भार वाटून घेण्याची सोय देव करून देतो. तक्रारीची तीव्रता हा कुरकुर ओळखण्याचा निकष असता, तर या अध्यायात पहिली शिक्षा मोशेला झाली असती.

तक्रार कोणाकडे नेली जाते यात खरा भेद आहे. कनान देशात जाण्यास लोकांनी नकार दिला त्या प्रसंगाची आठवण करून देताना मोशे 'अनुवाद' या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात म्हणतो की, लोकांनी तंबूत बसून कुरकुर केली आणि परमेश्वर आपला द्वेष करतो, म्हणूनच त्याने आपल्याला मिसर देशातून बाहेर काढले, असे ठरवून टाकले. तेथे देवाला कोणी काही विचारले नव्हते. त्याच्याविषयीचा निकाल त्यांनी त्याच्या पाठीमागेच देऊन टाकला होता.

बेथानी गावातला लाजर मरण पावला त्या प्रसंगी हा भेद आणखी स्पष्ट होतो. आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता, असे मार्था येशूला सामोरी जाऊन म्हणते, आणि मरीया त्याच्या पायांवर पडून नेमके तेच म्हणते. त्यात दुखावलेपण आहे, उशिरा आल्याचा ठपकाही आहे. जमलेल्यांपैकी काही जणांच्या मनातही जवळजवळ हाच प्रश्न होता : ज्याने आंधळ्याचे डोळे उघडले त्याला या माणसाचे मरण टाळता आले नसते काय? पण हे ते आपापसांत बोलले. बहिणींनी मात्र आपली तक्रार त्याच्यासमोर मांडली, आणि त्या बोलण्याबद्दल येशूने त्यांना दोष दिला नाही. मार्थेला त्याने पुनरुत्थानाची ग्वाही दिली, आणि मरीयेला रडताना पाहून तो स्वतः रडला.

दुसरी खूण आठवणीची आहे. कुरकुर करणारे मन भूतकाळ बदलून टाकते. मिसर देशात फुकट मिळणारे मासे, काकड्या आणि कांदे त्या लोकांना आठवले, पण तिथली गुलामगिरी आठवली नाही. विलाप करणारा देवाची जुनी कृत्ये आठवतो, आणि त्यामुळेच त्याचे आजचे दुःख अधिक बोचते. ७७व्या स्तोत्रातला भक्त देव दया करायला विसरला काय असे विचारतो, आणि मग समुद्रातून लोकांना नेणाऱ्या त्याच देवाच्या कृत्यांकडे वळतो. ज्याच्याकडून काही अपेक्षाच उरलेली नाही त्याला कोणी "कोठवर?" असे विचारत नाही. १३व्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत हा प्रश्न चार वेळा येतो, आणि तेवढ्यावरून त्या माणसाचा देवावर अजून केवढा भरवसा आहे ते दिसते.

विलापाचा शेवट स्तुतीतच झाला पाहिजे अशी मात्र कोणी अट घालू नये. १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत आणि त्यांतली बहुतेक शेवटी आशेकडे वळतात हे खरे. पण ८८वे स्तोत्र वळत नाही. तो भक्त तीनदा सांगतो की मी तुला हाक मारतो आहे, आणि स्तोत्र अंधारातच संपते. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, म्हणजे उत्तर न मिळालेली हाकही प्रार्थनाच ठरते. सर्वस्व गमावून देवाकडे तक्रार करणाऱ्या ईयोबाचेही तसेच आहे. देवाने त्याला कठोर प्रश्न विचारले, तरी अखेरीस त्याच्या मित्रांपैकी एलीफजाला सांगितले की तुम्ही माझ्याविषयी माझा सेवक ईयोब याच्याप्रमाणे यथार्थ बोलला नाहीत. मित्रांनी देवाची बाजू मांडण्यात सगळे बळ खर्च केले होते, पण त्यांच्यापैकी एकानेही देवाला उद्देशून एक शब्द उच्चारल्याचे त्या पुस्तकात दिसत नाही.

येथे एक खबरदारी घ्यायला हवी. मित्राजवळ मन मोकळे करणे म्हणजे कुरकुर नव्हे, आणि शोकाने प्रार्थनेचे शब्दच हरवले असतील तर तेही कुरकुर नव्हे. अशा वेळी आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने मध्यस्थी करतो असे प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सांगतो. शिवाय कुरकुरीतून विलापाकडे येण्याची वाट बंद झालेली नसते. ७३व्या स्तोत्रात स्तोत्रकर्ता आसाफ दुष्टांची भरभराट पाहून आपण व्यर्थच शुद्ध राहिलो असे मनात घोळवत बसतो, पण देवाच्या पवित्रस्थानात गेल्यावर त्याच्या बोलण्याचा रोख बदलतो आणि उरलेले बहुतेक स्तोत्र तो थेट देवाशी बोलतो.

समर्पण म्हणजे गप्प बसणे, असा समज या सगळ्या गोंधळाच्या मुळाशी आहे. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने हा दुःखाचा प्याला दूर कर अशी विनंती केली, मत्तयाच्या वृत्तान्ताप्रमाणे तीन वेळा प्रार्थना केली, आणि त्या विनंतीच्या आतच पित्याच्या इच्छेला मान दिला. वधस्तंभावर त्याने २२व्या स्तोत्राचा पहिला आक्रोश उच्चारला : माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? टाकल्याची वेदना सांगतानाही तो त्याला "माझ्या देवा" असेच म्हणतो.

म्हणून शोक करणाऱ्या घरी सांत्वनाला गेलेल्यांनी "असे बोलू नये, देवाची इच्छा" म्हणत त्या माणसाचे तोंड बंद करू नये. ईयोबाचे मित्र ७ दिवस आणि ७ रात्री जमिनीवर त्याच्यासोबत मुकाट्याने बसले, तेवढे त्यांचे खरोखर योग्य होते. पुष्कळ विलापस्तोत्रांच्या मथळ्यात ती मुख्य गवयासाठी असल्याचे लिहिले आहे, म्हणजे ती मंडळीने मिळून गाण्यासाठी होती. रविवारच्या आराधनेत केवळ आनंदाचीच गीते राहिली, तर दुःखी माणसाला आपली तक्रार नेण्यासाठी तंबूच उरतो. पाळकांनी अधूनमधून १३वे किंवा ८८वे स्तोत्र सर्वांसमोर वाचावे, त्यावर लगेच स्पष्टीकरण जोडू नये, आणि नंतर ज्याला त्याच शब्दांत प्रार्थना करायची असेल त्याला ती करू द्यावी.