पिकअप घेताना गाडी ओरडते, ती कशामुळे?

‘पिकअप घेताना आवाज येतो’ एवढंच सांगून गाडी गॅरेजला लावली, तर निदान निम्मं नशिबावर सोडल्यासारखं होतं. मिस्त्री सायलेन्सर हलवून बघतो, बेअरिंगवर संशय घेतो, एखादा पार्ट बदलतो. बिल येतं आणि आवाज तसाच राहतो. आवाज घरघर आहे की खडखड, यावर आपण फार वेळ घालवतो. माझ्या मते त्याहून कामाचा प्रश्न वेगळा आहे: हा आवाज नेमका कशाबरोबर वाढतो?

ॲक्सिलरेटर दाबला की तीन गोष्टी बदलतात. इंजिनाचे फेरे वाढतात, इंजिनावरचा भार वाढतो आणि मागोमाग चाकांचा वेग वाढतो. तिन्ही एकदम होत असल्याने दोष कुणाचा ते कळत नाही. म्हणून त्यांना सुटं करायचं.

गाडी उभी, गिअर न्यूट्रल, आणि रेस देऊन इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा मिनिटाला 3000 पर्यंत न्यायचा. आवाज तेव्हाही आला तर चाकं, एक्सल, चाकांची बेअरिंग सगळी निर्दोष सुटली. रस्त्यावर आणखी एक परीक्षा घेता येते: वेग तोच ठेवून एकदा तिसऱ्या, एकदा चौथ्या गिअरमध्ये चालवा. आवाजाची पट्टी बदलली तर तो इंजिनाचा, तशीच राहिली तर चाकांचा किंवा टायरचा. यामागे साधं गणित आहे. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोनदा इंधन पेटतं, म्हणजे मिनिटाला 3000 फेऱ्यांवर सेकंदाला 100 धडाके. तीन सिलिंडरच्या गाडीत 75. छोट्या कारचं चाक मात्र ताशी 60 किलोमीटरला सेकंदाला जेमतेम नऊ फेरे घेतं.

आता उरतो तो भार, आणि खरी गंमत तिथेच आहे. उभ्या गाडीत कितीही रेस दिली तरी इंजिन रिकामंच पळत असतं. काही आवाज चढावर, चार माणसं बसलेली असताना, वरच्या गिअरमध्ये पाय दाबला की मगच निघतात.

त्यातला सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे नॉकिंग. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडली की ज्योत एका टोकाकडून दुसरीकडे सरकत जाते. पुढचं न जळलेलं मिश्रण त्या वेळी दाबलं आणि तापवलं जात असतं. ज्योत पोचायच्या आत ते आपसूक पेटलं, तर दाबाची लाट उसळते आणि सिलिंडरच्या भिंतींमध्ये आपटत राहते. सेकंदाला साधारण सहा ते आठ हजार कंपनं होतात, म्हणून तो आवाज धडधड नसून धातूची बारीक टिणटिण असते. कसारा घाटात चौथ्यातच रेटत राहिलं तर ही टिणटिण ऐकू येऊ शकते: फेरे कमी असल्याने मिश्रणाला आपोआप पेटायला वेळ मिळतो. पहिला उपाय फुकट आहे, गिअर उतरवा. तरीही थांबली नाही तर इंजिन जास्त तापतंय का, सिलिंडरमध्ये कार्बन साचलाय का, नॉक सेन्सर चालू आहे का, हे पाहावं लागतं. हा सेन्सर ती कंपनं ओळखतो आणि त्यावरून संगणक ठिणगी किंचित उशिरा पाडतो.

ही टिणटिण जगाला एकदा फार महागात पडली. 1921 साली अमेरिकेत थॉमस मिजली यांना शिशाचं एक संयुग पेट्रोलमध्ये मिसळलं की नॉकिंग थांबतं असं आढळलं, आणि पुढची कित्येक दशकं गाड्यांच्या धुरातून शिसं हवेत गेलं. भारतात शिसंयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झालं.

दुसरा भाराचा आवाज म्हणजे सायलेन्सरच्या आधीच फुटलेला धूर. इंजिनातून धूर सलग येत नाही, ठोक्याठोक्याने येतो. सायलेन्सरमधले कप्पे त्या लाटा एकमेकींवर आपटवून मारतात. वाटेतच गळती असेल तर ठोके तसेच उघडे बाहेर पडतात, आणि पाय दाबला की धुराचा दाब वाढून ते ठळक होतात. सकाळी थंड गाडी चालू करून बॉनेट उघडा. गळती असेल तर मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या नळ्यांच्या) जोडाशी टकटक येते, गाडी गरम झाल्यावर लोखंड फुगून फट मिटते आणि टकटक विरते. इंजिन बंद करून, थंड झाल्यावर टॉर्च मारलात तर गॅसकेटच्या (जोडात बसवलेल्या सीलपट्टीच्या) कडेला काजळीची काळी रेघ पसरलेली दिसते. तिथे गॅसकेट आणि जोड आवळणारे तुटलेले स्टड बदलायचे. पुटी लावून फार दिवस निभत नाही. आणि हे काम लांबवू नये, कारण त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरू शकतो. बंद पार्किंगमध्ये तर ही तपासणी करूच नये.

सायलेन्सर स्वतः मात्र बहुधा आतून गंजून जातो. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं. रोज भाजी आणण्यापुरती काढलेली गाडी तेवढी तापतच नाही, मग पाणी आतच साचतं.

बाकीचे चटकन ओळखता येतात. क्लच सोडताना किंवा एकदम पाय दाबताना ‘धप्प’ झालं तर इंजिन गाडीला धरून ठेवणाऱ्या माउंटिंगचं रबर गेलेलं असतं. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे काढताना कटकट आली तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट. चाकाच्या आतल्या बाजूला उडालेलं ग्रीस त्याची साक्ष देतं. जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटल्याबरोबर बदलला तर जॉइंट वाचतो. टर्बो डिझेलमध्ये ‘शूऽऽ’ आवाज, मंद पिकअप आणि काळा धूर एकत्र आले की आधी हवेचा पाइप बघा. ठरावीक फेऱ्यांनाच झणझण होत असेल तर पत्र्याचं उष्णतारोधक कवच सैल झालेलं असतं, एका क्लिपचं काम.

एक आवाज मात्र फसवा असतो. इंजिन जोरात गरजतं, काटा वर चढतो, पण मॅन्युअल गाडी त्या मानाने वेगच घेत नाही. इंजिनात काहीच बिघडलेलं नसतं, क्लचप्लेट घसरत असते. क्लचचं सेटिंग तपासून पाहा. प्लेट झिजलेली असेल तर ती बदलण्याखेरीज इलाज नाही, आणि तोवर घाटाचा रस्ता टाळलेला बरा.