कूलरच्या टाकीतला शिंगाडा

थंडी पडली की नागपुरात हातगाड्यांवर उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग लागतात. काळं कवच, फुगीर पोट, दोन बाजूंना दोन शिंगं. आमच्या सात वर्षांच्या लेकीने त्यातलाच एक कुंडीत पुरला आणि रोज पाणी घालत बसली. उकडलेलं बी उगवत नसतं, हे पटल्यावर कच्चे आणले. ते आठवडाभर ओट्यावर टोपलीत राहिले आणि तेही रुजले नाहीत. शेवटी शिंगाडेवाल्या मावशींनाच विचारलं.

"सुकलं का मेलं ते, बाप्पा! पान्यातच राहू द्या न जी."

हरभऱ्याचं बी खडखडीत वाळून डब्यात वर्षभर राहतं आणि तरी पेरलं की उगवतं. शिंगाड्याचं तसं नाही. त्याचं बी तळ्याच्या ओल्या गाळात पडून राहायला घडलेलं. आतला ओलावा गेला की जीवही गेला. मग नवे शिंगाडे बादलीतल्या पाण्यात ठेवले आणि पाणी अधूनमधून बदलत राहिलो.

फेब्रुवारीत एकाच्या टोकाच्या छिद्रातून पांढरट कोंब डोकावला. तो एक आम्ही दाढीच्या ब्लेडने उभा कापला. हरभऱ्याला दोन सारख्या डाळी असतात. इथे मात्र एक दलिका, म्हणजे बियातली डाळ, कवचभर फुगलेली, पिठूळ, आणि दुसरी जेमतेम खवल्याएवढी. छोटी कोंबासोबत बाहेर पडते, मोठी कवचातच बसून बाहेरच्या रोपाला खाऊ पुरवते. आपण खातो ती हीच मोठी दलिका. म्हणजे उपवासाचं शिंगाड्याचं पीठ हे कंदाचं नव्हे, एका अर्थी डाळीचंच! आजीला हे सांगितलं. "पाण्यातली डाळ चालते," असं म्हणून तिने थालीपीठ उलटलं.

जुन्या कूलरच्या टाकीत गाळ घालून रोपं लावली. डासांची पैदास नको म्हणून चार गप्पी मासे सोडले. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, टाकीतलं पाणी रोज दिसेल इतकं उतरायचं. रोपं जगली एवढंच. पाऊस लागला आणि महिन्याभरात पृष्ठभाग पानांनी झाकून गेला.

खरी गंमत पाण्याखाली होती. दांड्यावर पेरापेराला हिरव्या पिसांच्या जोड्या. लेकीने वहीत लिहिलं, 'पाण्यातली पानं'. तिची चूक म्हणवत नाही, कारण ही पानं की मुळं यावर वनस्पतिशास्त्रज्ञांनीही वाद घातलाय. ती मुळं आहेत. पण हिरवी, पाण्यात गाळून आलेल्या उजेडावर अन्न तयार करणारी. गाळात रुतणारी साधी मुळं वेगळी.

वर पानांचं चक्र. बाहेरच्या पानांचे देठ लांब, आतल्यांचे आखूड, त्यामुळे कुणी कुणाच्या उन्हात येत नाही. देठ मधेच फुगलेला. पाण्याखाली धरून चिमटला की बुडबुडे निघतात, कापला की आत स्पंज. हवेच्या या पोकळ्यांवर सगळं चक्र तरंगतं, पुढे फळांचं ओझंही पेलतं. तरंगणाऱ्या पानाची खालची बाजू पाण्याला टेकलेली, म्हणून श्वासाची छिद्रं वरच्या बाजूला.

पावसाळा सरत आला तशी चार पाकळ्यांची पांढरी फुलं आली, बोटाच्या पेराएवढी. फूल पाण्याच्या वर उमलतं; फळ धरलं की त्याचा देठ वाकून पाण्यात शिरतो आणि शिंगाडा तिथे पोसतो. पाण्यातून काढतात म्हणून मीही इतकी वर्षं त्याला मुळाशी लागणारा कंदच समजत होतो. शिंगं कुठून येतात तेही दिसलं. पाकळ्यांच्या बाहेर फुलाला हिरवी निदलं चार, कळीला झाकणारी. दोन गळतात, दोन कडक होऊन शिंगं बनतात. युरोपातल्या भावंडाची चारही टिकतात. १७५३ मध्ये स्वीडनच्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने या वंशाला 'ट्रापा' नाव दिलं ते त्या चार काट्यांवरून. शत्रूच्या घोड्यांच्या वाटेत लोखंडी गोखरू टाकत, त्याच्या 'कॅल्सिट्रापा' या लॅटिन नावाचं हे शेपूट आहे.

आमचं पीक अकरा शिंगाडे. कच्चे दातांनी सोलायचे नाहीत, हा घरचा नियम. पाणवनस्पतींच्या सालीवरून आतड्यातल्या एका पर्णकृमीची, म्हणजे पानासारख्या चपट्या जंताची, लागण होऊ शकते. सात उकडले. चार हाती लागलेच नाहीत, पिकून देठापासून सुटले आणि बुडाले. दिवाळीनंतर पानं पिवळी पडून कुजली, टाकीत काळं पाणी तेवढं उरलं. हे झाड एका वर्षाचंच.

जानेवारीत लेकीने गाळात हात घालून तीन शोधून काढले. चौथा तिच्या बोटाला टोचून सापडला. चारही पुन्हा बादलीत आहेत, आणि बादलीवर चिठ्ठी चिकटवली आहे: 'उकडू नये'.