शेतीचा पैसा कुणाच्या नजरेखाली?

युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिची खरी किंमत याच्या कितीतरी पट असते. वरचा भार केंद्र सरकार उचलतं आणि तो रसायने व खते मंत्रालयाच्या नावावर पडतो. त्याच घरात रेशनचा गहू-तांदूळ येतो, त्याचा खर्च अन्न मंत्रालयाकडे. दर चार महिन्यांनी खात्यात दोन हजार रुपये जमा होतात, ते मात्र पीएम-किसान योजनेतून, म्हणजे कृषी मंत्रालयाचे. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात अन्न अनुदानाला सुमारे १.९७ लाख कोटी रुपये होते, खतांना १.७५ लाख कोटी आणि कृषी विभागाला १.१५ लाख कोटी. या शेवटच्या आकड्यातले ६० हजार कोटी एकट्या पीएम-किसानचे.

या तीन रकमा संसदेच्या तीन वेगवेगळ्या स्थायी समित्या तपासतात. साठच्या दशकात अन्न आणि शेती एकाच मंत्रालयात होते. पुढे खाती वाढली, मंत्री वाढले आणि शेतीचा हिशेबही वाटला गेला. ‘कृषी अर्थसंकल्प’ या शब्दाभोवती दरवर्षी जो गलका होतो, तो बहुतेक वेळा या तीन ढिगांपैकी सर्वांत लहान ढिगाबद्दल असतो.

सरकारी खर्चावर लोकप्रतिनिधींनी नजर ठेवायची ही कल्पना आपल्याकडे इंग्रजी अमदानीतच आली. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर १९२१ मध्ये केंद्रात लोकलेखा समिती, म्हणजे झालेल्या सरकारी खर्चाचा हिशेब तपासणारी समिती, स्थापन झाली. गंमत अशी, की तिचे अध्यक्ष सरकारचेच अर्थसदस्य असत. तिजोरीच्या किल्ल्या ज्याच्या हाती, तोच हिशेबाच्या वह्या उघडायला बसे. राज्यघटना लागू झाल्यावर, १९५० मध्ये, ही रीत मोडली. समिती लोकसभेच्या अध्यक्षांच्या अखत्यारीत आली आणि मंत्र्यांना तिचे दरवाजे बंद झाले. तेव्हा अध्यक्षपदी होते गणेश वासुदेव मावळंकर. त्याच वर्षी खर्चाचे अंदाज तपासणारी अंदाज समितीही जन्माला आली. लोकलेखा समितीचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे जाण्याचा संकेत मात्र १९६७ मध्ये स्वतंत्र पक्षाच्या मिनू मसानींपासून पडला.

घटनेतली व्यवस्था कागदावर कडक आहे. अनुच्छेद ११२ प्रमाणे वार्षिक वित्तीय विवरणपत्र मांडायचं, ११३ प्रमाणे प्रत्येक खात्याच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे त्या खात्याला वर्षभर लागणारा खर्च, लोकसभेपुढे ठेवायच्या, ११४ प्रमाणे विनियोजन विधेयक मंजूर झाल्याशिवाय संचित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, पैसा काढायचा नाही. सदस्याला कपात सूचना देता येते. मागणी एक रुपयावर आणा अशी सूचना म्हणजे धोरणच नामंजूर, शंभर रुपये कमी करा अशी सूचना म्हणजे एखाद्या विशिष्ट तक्रारीला तोंड फोडणं. सरकारकडे बहुमत असल्यावर या सूचना मंजूर होत नाहीत, पण त्या निमित्ताने मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं.

अडचण वेळेची. मोजक्याच खात्यांच्या मागण्यांवर चर्चा होते. ठरलेल्या दिवशी संध्याकाळी उरलेल्या सगळ्या मागण्या एकगठ्ठा मताला टाकल्या जातात. याला संसदेच्या बोलीत, शिरच्छेदाच्या यंत्रावरून, ‘गिलोटिन’ म्हणतात, आणि नाव अगदी समर्पक आहे. १४ मार्च २०१८ रोजी तर लोकसभेने एकाही खात्यावर चर्चा न करता, गोंधळातच, ९९ मागण्या अर्ध्या तासाच्या आसपास मंजूर केल्या. शेतीचीही त्यात होती. २०२३ मध्ये पुन्हा तेच झालं. आधीच्या सरकारांच्या काळातही, २००४-०५ आणि २०१३-१४ साठी, असंच घडलं होतं, त्यामुळे कुणा एका पक्षाकडे बोट दाखवून सुटका नाही.

सभागृहातून निसटलेलं काम समितीच्या खोलीत करायचं, हा विचार यातूनच पक्का झाला. १९८९ च्या ऑगस्टमध्ये तीन विषय समित्या नेमल्या गेल्या: शेती, विज्ञान-तंत्रज्ञान आणि पर्यावरण-वने. तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष होते बलराम जाखड. दोन वर्षांनी तेच देशाचे कृषिमंत्री झाले आणि आपण अध्यक्ष असताना जन्मलेल्या समितीच्या प्रश्नांना त्यांच्याच खात्याला तोंड द्यावं लागलं. एप्रिल १९९३ मध्ये, लातूरचे शिवराज पाटील अध्यक्ष असताना, सगळ्या मंत्रालयांसाठी मिळून १७ स्थायी समित्या आल्या. २००४ मध्ये त्या २४ झाल्या. प्रत्येक समितीत ३१ सदस्य, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. मंत्री सदस्य होऊ शकत नाही.

अर्थसंकल्प मांडला की अधिवेशनाला काही आठवड्यांची सुट्टी लागते. सुट्टी म्हणायची, पण समित्यांचं खरं काम तेव्हाच चालतं. कृषी सचिव फायली आणि अधिकाऱ्यांचा ताफा घेऊन येतात. गेल्या वर्षी दिलेले पैसे कुठे गेले, किती परत गेले, का गेले, हे विचारलं जातं. दारं बंद, कॅमेरे नाहीत, त्यामुळे खासदारही पक्षाची झूल बाजूला ठेवून बोलतात. समितीला एक रुपयाही कापता येत नाही. तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत. तिच्या हाती आहे ते एवढंच: लेखी प्रश्न, लेखी उत्तर आणि छापील अहवाल.

एवढ्यानेही काय होऊ शकतं, याचं उदाहरण विदर्भाशी जोडलेलं आहे. माकपचे खासदार बासुदेव आचार्य यांच्या अध्यक्षतेखालच्या कृषी समितीने जनुक-बदल केलेल्या अन्नपिकांचा विषय हाती घेतला आणि मार्च २०१२ मध्ये तिचे सदस्य यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत गेले. बीटी कापसाच्या, म्हणजे जनुक-बदल केलेल्या कापसाच्या, यशाच्या कथा कागदावर वाचायच्या आणि त्याच गावात जाऊन शेतकऱ्यांच्या, विधवांच्या तोंडून ऐकायचं, यात अंतर पडतंच. ऑगस्ट २०१२ च्या अहवालात समितीने एकमताने अशा पिकांच्या शेतातल्या चाचण्या थांबवायला सांगितलं आणि परवानगी देणाऱ्या यंत्रणेवरही कडक ताशेरे मारले. सत्ताधारी काँग्रेसचे खासदारही त्यात होते. अहवालातला विज्ञानाचा भाग अनेक शास्त्रज्ञांना पटला नाही. तो वाद वेगळा. पण नियामक यंत्रणेला इतकं उघड उत्तरदायी धरण्याचे प्रसंग फार नाहीत.

पैसा खर्च झाल्यावरची तपासणी कॅगची, म्हणजे देशाच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांची. २००८ ची शेतकरी कर्जमाफी आठवा. फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात ६० हजार कोटींची घोषणा झाली. पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी, त्याहून मोठ्याला उरलेलं एकरकमी भरल्यास २५ टक्के सूट. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरडवाहूवाल्याकडे जमीन जास्त पण पाणी नाही, त्याचं काय, असा ओरडा इकडून लगेच उठला. मग ठरावीक २३७ जिल्ह्यांत मोठ्या शेतकऱ्यांना २५ टक्के किंवा २० हजार, जे जास्त असेल ते, अशी भर पडली. कॅगचा अहवाल संसदेत आला मार्च २०१३ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी. नमुन्यादाखल तपासलेल्या ९० हजारांवर खात्यांपैकी २२ टक्क्यांच्या आसपास प्रकरणांत चुका सापडल्या: पात्र असून वगळलेले, अपात्र असून लाभ मिळालेले, नोंदींत खाडाखोड. सभागृहात मोठा गदारोळ झाला. ज्याला माफी मिळायला हवी होती आणि मिळाली नाही, त्याची पाच वर्षं तोवर सावकाराच्या व्याजात गेली होती.

सर्वांत बोलकी गोष्ट मात्र भारतीय अन्न महामंडळाची. सी. सुब्रमण्यम अन्न व कृषिमंत्री असताना, १९६५ मध्ये, महामंडळ सुरू झालं. त्याच वर्षी हमीभाव सुचवणारा कृषी मूल्य आयोगही आला. महामंडळ हमीभावाने धान्य घेतं, साठवतं आणि रेशनसाठी देतं; २०२२ अखेरपर्यंत ते नाममात्र दराने असे. मधली तूट सरकारने अन्न अनुदान म्हणून भरून द्यायची. आता सरकारला वित्तीय तूट कमी दाखवायची असेल तर सोपी वाट अशी, की अनुदान पूर्ण द्यायचंच नाही, महामंडळाला कर्ज काढायला सांगायचं. २०१६-१७ पासून हे कर्ज राष्ट्रीय अल्पबचत निधीतून येऊ लागलं. म्हणजे पोस्टात आजीने ठेवलेली बचत फिरून गव्हाच्या कोठारात. महामंडळाच्या वहीत ते कर्ज, सरकारच्या वहीत काहीच नाही, आणि जे सरकारच्या वहीत नाही ते अनुदानाच्या मागणीतही नाही. संसदेने मतदान करायचं कशावर?

कॅगने २०१६-१७ च्या वित्तीय उत्तरदायित्वाच्या अहवालात यावर नेमकं बोट ठेवलं. तरीही कर्ज वाढतच गेलं आणि मार्च २०२० पर्यंत अडीच लाख कोटींच्या घरात पोचलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये निर्मला सीतारामन यांनी ही वाट बंद करत असल्याचं जाहीर केलं. २०२०-२१ चं अन्न अनुदान मूळ अंदाजात १.१५ लाख कोटी होतं, सुधारित अंदाजात ते ४.२२ लाख कोटींवर गेलं. त्यात करोनाकाळातलं मोफत धान्य होतं, तसा वर्षानुवर्षांचा लपलेला भारही होता.

कृषी मंत्रालयाचं दुखणं याच्या उलट, मिळालेला पैसा खर्च होत नाही. भाजपचे खासदार पी. सी. गद्दीगौडर यांच्या अध्यक्षतेखालच्या कृषी समितीने मार्च २०२३ मध्ये दाखवून दिलं, की तीन वर्षांत मंत्रालयाने मिळून ४४ हजार कोटींच्या आसपास रक्कम परत केली. ईशान्य भारत, अनुसूचित जाती आणि जमाती यांच्यासाठी राखलेला पैसा लागला नाही, असं उत्तर आलं. ‘लागला नाही’ की पोचवला गेला नाही, हे समितीने खोदून विचारायला हवं होतं.

समितीच्या अहवालाला सरकारने तीन महिन्यांत उत्तर द्यायचं असतं. त्यावर समिती पुन्हा अहवाल काढते आणि त्यात उत्तरांची वर्गवारी असते: स्वीकारलेल्या शिफारशी, ज्यांचा पाठपुरावा सोडला त्या, ज्यांवरचं उत्तर समितीला मान्य नाही त्या आणि अंतिम उत्तराची वाट पाहणाऱ्या. शेतीच्या अहवालांत हा शेवटचा गट सहसा रिकामा नसतो. डिसेंबर २०२४ मध्ये काँग्रेसचे खासदार चरणजितसिंग चन्नी यांच्या अध्यक्षतेखालच्या कृषी समितीने पीएम-किसानची वार्षिक रक्कम सहा हजारांवरून बारा हजार करा, हमीभावाला कायद्याचा आधार द्या आणि खात्याच्या नावात शेतमजुरांनाही जागा द्या, असं सुचवलं. दीड महिन्याने अर्थसंकल्प आला. हप्ता दोन हजारांचाच राहिला.