413001 : सोलापूरच्या पिनकोडातल्या वर्गांच्या दोन जोड्या

सोलापूरहून चादरीचं पार्सल निघालं की त्यावर पाठवणाऱ्याच्या पत्त्यात हमखास दिसणारा आकडा म्हणजे 413001. पिनकोडाची पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली. ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी होते, शिवाय संस्कृत कवीही. पहिले तीन अंक टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा सांगतात, उरलेले तीन टपाल कचेरी. गणिताचा त्यात काही हेतू नव्हता.

पण आकडा निघाला मजेदार. अंकांची बेरीज 9, म्हणजे 9 ने भाग जाणार हे शाळकरी पोरही सांगेल. उरतात 45889. इथे मात्र घाम फुटतो. 7, 11, 13 असं एकेका मूळ संख्येने भागत गेलं तर थेट 109 ला भाग जातो.

याला दुसरी वाट आहे. 45889 ही संख्या 192² + 95² अशी लिहिता येते, आणि 108² + 185² अशीही. (दोन घनांच्या बेरजेने दोनदा मांडता येणारी रामानुजनांची 1729 सगळ्यांना ठाऊक असते, वर्गांची ही भावकी त्या मानाने उपेक्षित.) दोन वर्गांच्या बेरजा असलेल्या दोन संख्यांचा गुणाकारही तशीच बेरीज असतो, हे ब्रह्मगुप्ताने 628 मधल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त दिलेल्या ‘भावना’ या रीतीतून निघतं. प्राचीन ग्रीक गणिती डायोफँटसलाही त्याची जाण होती. पुढे 1640 मध्ये फ्रेंच गणिती फर्माने मर्सेन या फ्रेंच अभ्यासकाला कळवलं की 4 ने भागून 1 बाकी उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि तीही एकाच प्रकारे. सिद्धता स्विस गणिती ओयलरने 1749 मध्ये पुरी केली.

‘एकाच प्रकारे’ यातच सगळी गोम आहे. दुसरी जोडी सापडली की संख्या मूळ नाही, हे ठरलंच. वर अवयवही हाती लागतात. 192 − 108 = 84 आणि 185 − 95 = 90, त्यांचा मसावि 6. 6 ने भागून 14 आणि 15. त्यांच्या वर्गांची बेरीज 421, आणि 421 × 109 = 45889!

गंमत म्हणजे खुद्द फर्माच यात अडकला. 2³² + 1 म्हणजे 4294967297 ही मूळ संख्या आहे, असं तो धरून चालला होता. ओयलरने 1732 मध्ये तिला 641 ने भागून दाखवलं. तीच संख्या 65536² + 1² आहे, आणि 62264² + 20449² सुद्धा.

मात्र ही युक्ती सरसकट चालत नाही. शहरातल्याच 413003 ला 4 ने भागा, बाकी 3 उरते. कुठल्याही वर्गाला 4 ने भागलं तर बाकी 0 किंवा 1, त्यामुळे दोन वर्गांच्या बेरजेत 3 येणारच नाही. तिथे आपलं 7, 11, 13 करत बसायचं.